माझ्या नावानं गेलेलं पत्र

माझं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं आहे. लिहायला बसलो की घाम फुटतो. म्हणून आमच्या कामातला सगळा पत्रव्यवहार दौंडच्या मित्राकडे होता. मी वरवंडला कॉम्प्युटर दुरुस्त करतो, तो एका ऑफिसात प्रोग्रॅम लिहितो. जगभरातल्या लोकांनी मिळून चालवलेली एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिच्यातले हजारो प्रोग्रॅम जुन्या, बत्तीस-बिटच्या कॉम्प्युटरवरही चालत राहावेत, हे बघायचं काम आम्ही दोघांनी अंगावर घेतलं होतं. नव्या मशिनवर बेतलेला प्रोग्रॅम जुन्यावर अडतो. कुठं मेमरी पुरत नाही, कुठं भागाकाराचा शेवटचा आकडा वेगळा येतो आणि अख्खी चाचणी नापास होते. खोट मी शोधायचो, दुरुस्ती तो इंग्रजीत समजावून पुढं पाठवायचा.

बायको म्हणायची, "लष्कराच्या भाकऱ्या भाजताय." असेलही. पण वडगाव रासाईच्या शाळेत असले अकरा कॉम्प्युटर आहेत. कुठल्याशा ऑफिसानं भंगारात काढलेले ते आम्ही दोघांनीच टेम्पोत घालून नेले होते. मुलं त्यांवरच शिकतात, दुसरे मिळायचे नाहीत. "सर, आम्ही हाय तवर ह्या मशिनी चालणार," असं मी तिथल्या सरांना सांगितलं, तेव्हा मित्र शेजारी उभा राहून मान डोलावत होता.

दर वर्षी ती सिस्टीम चालवणाऱ्या प्रकल्पाकडून विचारणा येते: या जातीच्या मशिनींची काळजी घ्यायला अजून कोण आहे? निदान दोघांनी हो म्हणावं लागतं, नाहीतर ती जात यादीतून जाते आणि तिच्यासाठी नवं काही निघणं थांबतं. मित्र दोघांच्या वतीनं उत्तर द्यायचा. "पाठवलं रं," एवढा फोन आला की मी निवांत. यंदाही तो फोन आला.

पंधरवड्यानं मला अनोळखी लोकांचे मेल यायला लागले. इतकी वर्षं केलंत, आभारी आहोत, पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा. जिवंतपणी श्रद्धांजली वाचल्यासारखं वाटलं. मूळ पत्र उघडलं. आम्हा दोघांना आता वेळ नाही, असं त्यात होतं, आणि हे कॉम्प्युटर वापरणारं आमच्या माहितीत कोणी उरलेलं नाही. खाली त्याचं नाव, त्याखाली माझं. तळपायाची आग मस्तकात गेली. वेळ नाही हे मी समजून घेतलं असतं. पण कोणी उरलं नाही? त्या अकरांपैकी निम्मे यानंच उचलून आत नेले होते.

गाडी काढून दौंडला गेलो. त्यानं चहा पुढं केला, मी हात लावला नाही.

"माझं नाव कशाला घातलंस?"

"एकट्यानं सोडलं असतं तर तू दुसरा माणूस हुडकत बसला असतास. आन् तो मिळेस्तवर लिहायचं परत माझ्याच गळ्यात आलं असतं."

"इचारायचंस तरी."

"इचारलं असतं तर तू न्हाई म्हणाला असतास."

खरं होतं ते. मला पुरता ओळखून त्यानं केसानं गळा कापला, हेच जास्त लागलं. आणि मी असा शहाणा, की इतक्या वर्षांत एकही पत्र जाण्याआधी वाचलं नाही.

मग मीच मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं: ते पत्र माझं नव्हे, मी अजून आहे. उत्तर फार सभ्य आलं. एकट्यावर चालत नाही. दुसरं कोण आहे? दुसरं कोणी नव्हतं.

शेवटी वडगावला जाऊन सरांना सांगितलं की आता या मशिनींना नवीन काही मिळणार नाही. आहे तेवढ्यावर चालतील तितके दिवस चालतील.

"कुणी बंद केलं वो?" सरांनी विचारलं.

मित्राचं नाव तोंडाशी आलं होतं. पण कागदावर दोघं होतो, आणि आपलेच दात, आपलेच ओठ. "आम्ही दोघांनी," मी म्हणालो.



"तुम्हीबी?"

"व्हय," म्हणालो.