जावयाची आंघोळ

सुभद्राबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या कचऱ्याच्या ड्रममध्ये कमरेपर्यंत वाकून कोणाला तरी शिव्या देत होत्या. मी नुकतीच लग्न होऊन चिमूरपुढच्या जंगलातल्या लाकूड डेपोवर आले होते. आत मांजर पडलं असेल असं वाटून धावले. बाई बाहेर आल्या. नाकाच्या शेंड्यावर राख, हातात नारळाची शेंडी.

"जावायाची आंघोळ चालू आहे," त्या म्हणाल्या. "पाहून काय राह्यली? पानी आन!"

हा जावई म्हणजे वसाहतीतला सगळा कचरा पोटात घेणारा डांबराचा जुना ड्रम. "दिवसभर खाते अन् काम काई करत नाई. मंग जावाईच ना व!" सुभद्राबाई डेपोच्या मुकादमाच्या पत्नी. रोज सकाळी कचरा दूरच्या खड्ड्यात मातीखाली गाडायचा आणि ड्रम राखेनं घासून उन्हात पालथा घालायचा, हा त्यांचा नेम. कोणी हसलं तर म्हणायच्या, "माशी काई पाय पुसून घरात येत नाई."

त्यांचा खराखुरा जावई एकदा वरोऱ्याहून आला होता. सकाळी ओसरीवर पडल्या पडल्या त्या बिचाऱ्यानं सासूबाईंचा आवाज ऐकला, "जावायाले पालथा पाडा अन् बुडाकून घासा!" चहाला न थांबता त्यानं मोटार गाठली.

एका वर्षी महाशिवरात्रीला बाई मार्कंड्याच्या जत्रेला गेल्या. निघताना डेपोच्या साहेबांना बजावलं, "जावायाले उपाशी ठेवा, पर बिनाआंघोळीचा नोको ठेवू." साहेब हसले. आम्हीही हसलो. ड्रमला हात मात्र कोणीच लावला नाही. दुसरं कोणी घासेल, असं प्रत्येक घराला वाटलं. बोरं सडली, गुळाच्या भेलीचं चिकट पोतं त्यावर पडलं, आणि माशा अशा घोंगावू लागल्या की ताटावर एक हात हलवत दुसऱ्यानं जेवावं लागे.

मग माझ्या तान्ह्या कुसुमला हगवण लागली. उलट्या थांबेनात, डोळे खोल गेले. तिला चिमूरच्या डॉक्टरांकडे न्यायला सकाळीच बंडी जुंपली. मी पोरीला घेऊन चढणार, तोच ड्रम गुरगुरला. आत अस्वल होतं! गुळाच्या वासानं आलेलं, तोंडापासून पोटापर्यंत अडकलेलं, मागचा केसाळ भाग तेवढा बाहेर. त्यानं हिसका दिला, ड्रम आडवा झाला आणि अस्वलासकट उतारावरून गडगडत निघाला. साहेब लाकडाच्या थप्पीवर चढले. बैल जू मोडून पळाले. खाली नाल्यात ड्रम आपटला, अस्वल सुटलं, जोरात शिंकलं, आणि डोक्यावर सडकी बोरं घेऊन जंगलात पसार झालं.

सगळे हसत होते. मी मात्र बिनबैलाच्या बंडीत रडत बसले होते.

तेवढ्यात जत्रेहून परतलेल्या सुभद्राबाई लाकडाच्या ट्रकमधून उतरल्या. चार जण एकदमच अस्वलाची कथा सांगू लागले. त्यांनी कुसुमकडे एकदा पाहिलं, नाल्यातल्या ड्रमकडे एकदा पाहिलं.

"अस्वल मरू द्या! पोरीले पाहा!" असं म्हणून त्यांनी मला ट्रकमध्ये ढकललं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "भाऊ, चिमूर. आत्ताच!" वाटभर त्या पोरीच्या ओठांना मी सोबत घेतलेलं पेजेचं पाणी लावत होत्या, आणि एरवी गावभर ऐकू जाणारा त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

कुसुम वाचली. परतल्यावर बाईंनी साहेबांना धोतर खोचायला लावून ड्रममध्ये उतरवलं. "अजून घासा, साहेब. अस्वलाले शिंक आली, तुमाले काऊन नाई आली?" त्या दिवसापासून घासायच्या पाळ्या लागल्या. साहेबांची पहिली.

पुढे आमची बदली झाली. निरोपाला सगळी वसाहत मोटारीपाशी आली होती. मला हुंदका आवरेना, तर बाईंनी हातात केळं कोंबलं. मोटार सुटली. मागे वळून पाहते तो सुभद्राबाई लुगडं सावरत, हात उंचावत मोटारीमागे धावत येत होत्या. माझा ऊर भरून आला. मी खिडकीतून हात हलवला.

"हात काय हालवतं!" धुरळ्यातून त्यांचा आवाज आला. "साल रस्त्यावर फेकशीन नोको!"

ते साल मी वरोऱ्यापर्यंत पदरात बांधून नेलं. बाई पुन्हा कधी भेटल्या नाहीत.