वाचनालयातल्या सात खुर्च्या

इस्पितळाच्या शिवणखोलीत एकतीस वर्षं चादरी, गाऊन आणि पडदे शिवून मावशी निवृत्त झाल्या. तिथे सगळे त्यांना मावशीच म्हणत. स्वतःचं मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊनही सहा वर्षं झाली होती. जेवताना त्या रेडिओ लावून ठेवत. बातम्या असोत की औषधांच्या जाहिराती, घरात कुणीतरी बोलतंय एवढं पुरे होतं.

जवळच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाई एक दिवस दारात उभ्या राहिल्या. मावशी 'त्या सातांपैकी' एक आहेत, हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं.

पन्नास वर्षांपूर्वी वाचनालयात खालच्या वस्तीतल्या माणसांना बसायला बंदी होती. त्यांना पुस्तक मिळायचं ते मागच्या खिडकीतून. एका सोमवारी वस्तीतले सात जण सरळ आत गेले, खुर्च्यांवर बसले आणि उठेनात. नऊ दिवस कोठडीत काढले. वर्षभराने बंदी उठली. पाठ्यपुस्तकात याबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि सातांतल्या आता एकट्या मावशीच उरल्या होत्या.

"तुम्हीच सांगा मुलांना," बाई म्हणाल्या. "माझ्या तोंडून ते धड्यासारखं वाटेल."

दर शनिवारी दुपारी त्याच वाचनालयात बसायचं ठरलं. पहिल्या शनिवारी चौदा मुलं आली. मावशींनी रंगवून सांगितलं. "भीतीने मी पुस्तक उलटं धरलं होतं आणि तासभर तसंच वाचत होते," यावर मुलं पोट धरून हसली. दुसऱ्या वेळी पाच आली. तिसऱ्या वेळी एकच मुलगी आली, नववीतली, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली.

"बाकीचे?"

"त्यांची मॅच आहे." तिने वही उघडली. "तुम्ही सुटून घरी आलात तेव्हा घरचे काय म्हणाले?"

हे मावशींना आजवर कुणी विचारलं नव्हतं. पूर्वी कधीमधी भाषणाला बोलावणाऱ्यांनीही नाही. मुलगी घाई न करता पेन धरून बसली होती.

"वडिलांची गिरणीतली नोकरी गेली," त्या शेवटी म्हणाल्या. "मोठ्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. कोठडीत जाऊन आलेल्या मुलीच्या घरातली सून मुलाकडच्यांना नको होती. ताई म्हणाली, 'तुला खुर्ची मिळाली, माझा संसार गेला.' त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. चाळीस वर्षं. चार गल्ल्या सोडून राहायची. बाजारात समोर आली की रस्ता ओलांडायची. ती गेल्याचं मला दूधवाल्याने सांगितलं."

"हे लिहू?"

"लिही."

मुलीने ते शाळेत वाचून दाखवलं. पुढच्या महिन्यात तिच्या वडिलांची बदली झाली. जायच्या आधी ती येऊन पाया पडून गेली, पत्र पाठवीन म्हणाली. एक आलं. मग नाही.

पण बाईंनी हा तास आता वेळापत्रकातच घातला होता, त्यामुळे दर वर्षी नवी तुकडी येई. मावशी अजूनही उलट्या पुस्तकाने सुरुवात करत. मग मात्र ताईबद्दल सांगत, आणि वर्गात कुणी हसत नसे.

यंदा मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "म्हणजे तुमची ताई चुकली ना?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "आम्ही सातांनी आपापलं ठरवून किंमत मोजली. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही."

"मग तुम्ही बसायला नको होतं?"

"बसायलाच हवं होतं. आदल्या दिवशी तिला सांगायलाही हवं होतं."

मुलं गेल्यावर मावशींनी विस्कटलेल्या खुर्च्या टेबलाशी सारल्या. शिपाई कुलूप घेऊन दारात थांबला होता. "कुणी न्यायला येतंय का, मावशी?" त्याने विचारलं.

"नाही रे," म्हणत त्या जिन्याचा कठडा धरून हळूहळू उतरू लागल्या.