एकाच मॉडेलची दोन कार्डं

गेमिंग कम्प्युटर घ्यायचा ठरवला तेव्हा खर्चाचं प्रमाण माझ्या डोक्यात पक्कं होतं. सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा, त्याखालोखाल प्रोसेसरचा. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर काटकसर अजिबात नाही, कारण तो बिघडला तर एकटा जात नाही, सोबत दोन महागड्या वस्तू घेऊन जातो. उरलेल्या पैशांत मदरबोर्ड, रॅम आणि पुढून जाळी असलेलं कॅबिनेट, म्हणजे आत हवा खेळती राहील. रंगीबेरंगी दिव्यांसाठी तरतूद शून्य.

मला खेळायला आवडतं, पण हे यंत्र खेळण्यासाठी नव्हतं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी गेम तयार करणाऱ्या एका कंपनीत अर्ज केला होता. पहिली फेरी पार पडली आणि त्यांनी महिनाअखेरपर्यंत कामाचा एक नमुना मागितला. मी विषय निवडला तो दोरीवर वाळत घातलेल्या साडीचा: ओलं कापड, त्याचं वजन, मधूनच येणारा वारा, आणि पदर वाळत जाईल तसतशी बदलत जाणारी त्याची चाल. पडद्यावर हे खरं वाटायचं तर कापडाच्या हजारो बिंदूंचं गणित अखंड चालू राहावं लागतं, आणि ते करायला गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डाइतकं किफायतशीर साधन दुसरं नाही. माझ्या लॅपटॉपने त्या साडीपुढे केव्हाच हात टेकले होते. अकरावी-बारावीच्या शिकवण्यांतून साठलेले पैसे मी या एका यंत्रासाठी राखून ठेवले होते.

खरेदीला दादा सोबत येणार हे कोणी ठरवलं नव्हतं. ते गृहीतच होतं. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. तो बदलापूरला शिरगावात राहतो, दिवसा एका कंपनीतले कम्प्युटर सांभाळतो आणि संध्याकाळी गेम खेळतानाचं स्वतःचं थेट प्रक्षेपण करतो. मी लहान असताना अंबरनाथच्या एमआयडीसीतला बाबांचा कारखाना बंद पडला आणि पुढची काही वर्षं आम्ही मावशीच्या घरी काढली. त्या घरात वस्तूंचा प्रवास ठरलेला होता. नवीन वस्तू दादाला, आणि त्याची वापरून झाली की मला. सायकल, दप्तर, मोबाइल, गेम खेळायचा पहिला कम्प्युटरसुद्धा मला तसाच मिळाला. त्यात कमीपणा वाटावा असं काही नव्हतं, कारण प्रत्येक वस्तूबरोबर तो ती वापरायची कशी हेही शिकवायचा. एखाद्या डावात हरलो की का हरलो हे तो मला इतकं नीट समजावून सांगे, की पुढे कॉलेजात प्रयोग फसल्यावर कारण शोधण्याची शिस्त मला नव्याने लावावी लागली नाही.

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या त्या दुकानात आम्ही दोघं उभे होतो आणि माझी निवड ऐकून दादा कळवळला.

"दिवे नाहीत? अगं, हा गेमिंग पीसी आहे की बँकेतला डबा?"

"दिव्यांनी वेग वाढतो का?"

"वेग नाही, इज्जत वाढते."

काउंटरमागचे शेठ हसले. "बेटा, लाइट का पैसा बचाके एसएमपीएस में डालनेवाली कस्टमर पहली बार देखी."

कार्ड मात्र मी दादाकडे होतं तेच घेतलं, त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं. त्यामागे भावनेपेक्षा तर्क अधिक होता. त्याचं कार्ड मी जवळून पाहिलेलं होतं. ते किती तापतं, कुठे अडतं, कोणत्या कामाला पुरतं हे मला ठाऊक होतं. अनोळखी वस्तूच्या जाहिरातीपेक्षा ओळखीच्या वस्तूचं निरीक्षण अधिक विश्वासार्ह, असा माझा हिशेब होता. प्रत्येक खोक्याचं सील मी उजेडात धरून तपासलं. शेठ म्हणाले, जोडणी इथेच करून देतो. दादाने हात आडवा केला.

"कशाला? घरी मी बसवतो. उद्या येऊन घेऊन जा. तुझ्या पोरांची परीक्षा जवळ आलीय ना, तू जा शिकवायला, सायंटिस्ट."

खरेदीत कुठे काय चुकू शकतं याचा मी टप्प्याटप्प्याने विचार केला होता. खोकी दादाच्या हाती देणं हा माझ्या लेखी टप्पाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी यंत्र पालेगावला आमच्या घरी, माझ्या टेबलावर आलं. गेम सुरळीत चालला. साडी चालली नाही. थोडा वेळ गणित ठीक चाले, मग कार्ड तापत जाई, वेग मंदावे आणि पडदा काळा होई. मी एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवली, समोर टेबलफॅन लावला, रॅमची जागा बदलली, कार्डाची वीज कमी केली. पडदा काळा व्हायचा तो झालाच. मी दादाला फोन केला.

"नवीन कार्ड आहे, रुळायला वेळ लागतो," तो म्हणाला.

"ते काय बैल आहे का दादा, रुळायला?"

तो मनापासून हसला. मग म्हणाला, "तुझा कोडच जड असेल बघ. एकदा नीट तपास."

त्याचा शब्द मी कधीच हलका मानला नव्हता. म्हणून पुढचा आठवडाभर मी माझा कोड तपासला. बरोबर असलेली समीकरणं पुन्हा सोडवली. कापडातले बिंदू कमी केले, वारा कमी केला, ओलेपणा काढून टाकला; साडीची हळूहळू पुठ्ठ्याची चौकट झाली. हे काम आपल्याला जमण्यासारखं नसावं, असा विचार आयुष्यात पहिल्यांदा मला त्या आठवड्यात शिवून गेला. आई चहा आणून ठेवायची, पडद्याकडे पाहायची आणि काही न बोलता निघून जायची.

अखेर मी कार्ड काढलं, पिशवीत घातलं आणि वॉरंटीत बदलून घ्यायला स्कूटरवरून एकटीच कॅम्प दोनला गेले. शेठनी ते हातात घेऊन उलटं केलं. कॅबिनेटमध्ये कार्डाचे पंखे जमिनीकडे तोंड करून असतात. ते कोणी निरखून पाहत नाही, मीही पाहिले नव्हते. दोन पंख्यांपैकी एकाचा काळा रंग दुसऱ्यापेक्षा किंचित फिका होता.

"ये तो आपके भाई का है," शेठ सहज म्हणाले. "इसका फॅन मैंने ही बदला था. कंपनीवाला मिला नहीं, दूसरा लगाया."

"नाही, हे मी तुमच्याकडून घेतलेलं. नवीन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कार्डाकडे. "आपका तो सील पॅक दिया था बेटा, आपके सामने." कार्ड काउंटरवर ठेवत ते म्हणाले, "भाई को फोन लगाऊँ?"

"नको," मी म्हटलं. एकाच मॉडेलची दोन कार्डं. पडद्यावर दोघांचं नाव सारखंच दिसतं. माझी निवडच दादाच्या उपयोगी पडली होती.

तिथून मी थेट शिरगाव गाठलं. रविवारची दुपार होती. दार मावशीने उघडलं आणि जेवूनच जा, असं म्हणत ती आत वळली. दादा त्याच्या खुर्चीत होता. त्याच्या काचेच्या कॅबिनेटमध्ये निळे-जांभळे दिवे फिरत होते. मी पिशवीतलं कार्ड त्याच्यासमोर ठेवलं.

"हे तुझं आहे."

त्याने नाकारलं नाही. "कोण बोललं? शेठ?"

"पंखा बोलला."

"अगं, कार्ड तेच आहे. मॉडेल तेच. तुला कळलं तरी असतं का, सांग."

"कळलं ना."

"हल्ली माझं प्रक्षेपण मधेच बंद पडत होतं यार. एकदा बंद पडलं की लोक परत येत नाहीत. तुझं काय, तुला एक साडी हलवायचीय."

"आठवडाभर मी माझा कोड तपासत होते. तू सांगितलंस म्हणून."

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग अगदी समजूत घालावी तसं म्हणाला, "पुढच्या वर्षी मी मोठं कार्ड घेणारच होतो. तेव्हा हे तुलाच आलं असतं ना? माझं सगळं तुलाच तर येतं."

यात लबाडी असती तर मला बोलायला सोपं गेलं असतं. तो मनापासून बोलत होता. माझ्या पैशाने घेतलेली नवी वस्तूसुद्धा आधी त्याच्याकडे जाणार आणि जुनी झाल्यावर माझ्याकडे येणार, हा क्रम त्याच्या लेखी निसर्गनियम होता. कार्ड कसं काम करतं हे त्याला उत्तम ठाऊक होतं. मी ते कशासाठी घेतलं हेही ठाऊक होतं. आणि तरीही दोष माझ्या कोडात शोध, असं त्याने सांगितलं होतं.

मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बहीणभावात कसलं गं तुझं-माझं? कालपर्यंत एका ताटात जेवत होतात."

"मावशी, स्क्रू ड्रायव्हर कुठे असतो तुझ्याकडे?"

तिने मुलाकडे पाहिलं. त्याने ड्रॉवरकडे बोट दाखवलं. मी वीज बंद करून त्याचं कॅबिनेट उघडलं.

"संध्याकाळी माझं प्रक्षेपण आहे," तो म्हणाला. "निदान उद्या ने."

"परवा महिनाअखेर आहे."

"अशी हिशेबी कधी झालीस गं तू?"

मी स्क्रू काढत राहिले. माझं कार्ड बाहेर आलं; दोन्ही पंखे सारख्याच काळ्या रंगाचे होते. त्याचं कार्ड मी तिथेच ठेवलं आणि जेवायला थांबले नाही.

मी घरी पोहोचण्याआधी मावशीचा फोन पोहोचला होता. आई दारातच उभी होती.

"ताईला रडवून आलीस?"

"आई, त्याने माझं कार्ड बदललं होतं."

आईला आश्चर्य वाटलं नाही. मी तिच्या चेहऱ्यावर ते शोधत होते. "तुला माहीत होतं?"

"विचारलं होतं त्याने मला. म्हणाला, माझं कार्ड तिला चालेल का? मी म्हटलं, चालेल. त्याचं तुला नेहमीच चालत आलंय."

"पैसे माझे होते."

"त्या घरात आपण राहत होतो तेव्हा कोणी पैसे मोजले नव्हते."

तिच्यावर ऋण होतं हे मला मान्य होतं. ते माझ्या टेबलावरून, मला न सांगता फेडावं हे मान्य नव्हतं. आठवडाभर मी चुका नसलेल्या कोडात चुका शोधत होते, तेव्हा चहाचा कप ठेवताना तिला सगळं माहीत होतं.

मी कार्ड बसवलं आणि साडीतून काढून टाकलेलं सगळं तिला परत दिलं: ओलेपणा, वजन, वारा. पडदा काळा झाला नाही. नमुना मुदतीत गेला, पुढे मुलाखत झाली आणि पुण्याला रुजू होण्याचं पत्र आलं. आईने पहिला फोन मावशीला केला. "दादानेच तर कम्प्युटर बसवून दिला होता," असं तिला कौतुकाने सांगताना मी ऐकलं, आणि दुरुस्ती केली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "दादा गाडी घेऊन येतोय, सामान तोच पोहोचवेल. मी हो म्हणून सांगितलंय."

कम्प्युटर तोवर मी सुटा करून, एकेक भाग त्याच्या मूळ खोक्यात भरून ठेवला होता. टेम्पो मी सकाळीच ठरवला होता.