नाही म्हणायची तालीम

ऐंशीच्या दशकात आम्ही मिशिगनमधल्या एका खेड्यात राहत होतो. नवरा तिथल्या लहानशा इस्पितळात डॉक्टर, आणि मी नागपूरची आहारशास्त्राची पदवी घेऊन घरात बसलेली. आजूबाजूला मका, गाई आणि चर्चेस. मराठी माणूस बघायचा तर गाडी काढून पार नोव्हाय शहरापर्यंत जायचं, तेही रस्त्यावर बर्फ नसेल तर. कंटाळून मला वेड लागायची पाळी आली होती. अशात तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने विचारलं, शाळा सुटल्यावर शेतकऱ्यांच्या मुलांना नीट जेवायला शिकवाल का? त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं.

ही मुलं उपाशी नव्हती, हीच पंचाईत होती. दिवसभर शेतात राबणारे त्यांचे आजोबा जेवायचे तेवढंच ही जेवायची, आणि काम मात्र ट्रॅक्टर करायचा. सकाळी बेकन, दुपारी पॉप म्हणजे बाटलीतलं गोड सोडापाणी, रात्री लोण्यात माखलेले बटाटे. मी त्यांना ताटली लहान घ्यायला, भाज्या खायला, जेवल्यावर टीव्हीसमोर न बसता रस्त्याच्या टोकापर्यंत चालून यायला शिकवत होते. एकदा मुगाची खिचडी करून घातली. ती कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही. त्याचा मला राग आला होता, थोडासा अजूनही आहे.

त्या वर्गात एक सतरा वर्षांची मुलगी होती. अंगाने दणकट, आवाजाने अगदी बारीक. तिच्या आईला मधुमेह होता. पायाची बोटं कापावी लागली होती, नजर जात चालली होती, आणि ती दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून असायची. मुलीची स्वतःची साखरही काठावर आली होती. "मला त्या खुर्चीत बसायचं नाही," तिने मला सुरुवातीलाच सांगून टाकलं. बाकीची पोरं काहीतरी गोड मिळेल या आशेने यायची. ही मात्र जिवाच्या भीतीने यायची.

तिच्या घरी स्वयंपाक आजी करायची आणि वाढायचीही तीच. काय खावं हे मुलीला एव्हाना माझ्याइतकंच कळत होतं, पण आजीला नाही म्हणायचं कसं? मग आम्ही तालीम सुरू केली. मी आजी व्हायचे. हातात डाव घेऊन दामटून विचारायचे, आणखी थोडं? तिने म्हणायचं, "नो, थँक यू. आय अ‍ॅम फुल." आधी ती हे जमिनीकडे बघून म्हणायची, मग माझ्या खांद्याकडे बघून. हिवाळा सरता सरता माझ्या डोळ्यांत बघून म्हणायला लागली. एके दिवशी वर्गाच्या दारातूनच तिने सांगितलं, "आजीने ऐकलं! एकदाच विचारलं आणि भांडं बाजूला ठेवलं." त्यानंतर तिचं वजन उतरायला लागलं. मला स्वतःच्या लेकीचा निकाल लागल्यासारखा आनंद झाला.

त्याच सुमारास सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. पाडव्यानंतरच्या शनिवारी नोव्हायहून काही कुटुंबं आमच्याकडे जेवायला आली, आणि मी कौतुकाने त्या मुलीलाही बोलावलं. सावर क्रीमचं श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात. सणाच्या दिवशी आमच्या घरात आहारशास्त्र सुट्टीवर असतं. मी आत पुऱ्या तळत होते. बाहेरचं बोलणं कानावर येत होतं, पण ते इतकं ओळखीचं होतं की मी लक्षच दिलं नाही.

"अगं, काहीच खाल्लं नाही हिने!" सासूबाई.

"काकू, ती नो म्हणतेय." पाहुण्यांपैकी कुणीतरी.

"लाजतेय. पहिल्यांदा आलीय ना."

"हो यार, शी इज जस्ट बीइंग पोलाइट. वाढा तुम्ही."

आमच्यात पहिलं 'नको' कुणी खरं धरत नाही. दुसरंही नाही. तिसऱ्याला वाढणारी म्हणते, बरं, अर्धीच घे, आणि अख्खी वाढते. पाहुण्याने हात आडवा धरायचा आणि वाढणाऱ्याने तो बाजूला सारायचा. यात प्रेमच असतं, ते मी नाकारत नाही. पण त्या मुलीने एका 'नको'साठी सगळा हिवाळा खर्च केला होता. दुसरं तिच्याजवळ नव्हतंच.

गरम पुऱ्या घेऊन मी बाहेर आले तर तिचं ताट शिगोशिग भरलेलं, आणि ती मान खाली घालून खात होती. सासूबाई समोर बसून समाधानाने बघत होत्या. "बघ, भूक होती पोरीला," त्या मला म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात ती वर्गाला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला. ती म्हणाली, "तुमच्या घरी मला ते म्हणावं लागेल असं वाटलं नव्हतं." आजीनेही पुन्हा वाढायला सुरुवात केली होती, आणि ही आता काही म्हणत नव्हती.

मी सासूबाईंवर चिडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला काय माहीत गं? पाहुणी उपाशी जाईल म्हणून वाढलं." त्यानंतर परत जाईपर्यंत त्या कुणालाही वाढताना बिचकायच्या. मला ते बघवत नसे.

शेवटी मी तिच्या शेतावर गेले. काहीही करून तिला वर्गात परत आणायचं, एवढंच डोक्यात होतं. आजीने दार उघडलं, मला थेट स्वयंपाकघरात नेलं आणि रूबार्बचा 'पाय', म्हणजे आंबट देठांचं गोड सारण भरलेला केकसारखा पदार्थ, कापायला घेतला. मी म्हटलं, नको, आत्ताच जेवून आलेय. तिचा चेहरा जरासा पडला. "सकाळीच केलाय," ती म्हणाली. म्हातारीने स्वतःच्या हाताने केलेलं तिच्या तोंडावर नाकारायचं? ते माझ्या रक्तातच नाही. मी खाल्लं. खिडकीपाशी बसलेल्या आईने आवाजाच्या रोखाने मान वळवून मला हसून विचारलं, चांगला झालाय ना? मी म्हटलं, फारच छान. मुलगी समोर बसून माझ्याकडे एकटक बघत होती.

ताटली रिकामी होताच आजीने न विचारता आणखी एक तुकडा घातला. मी हात आडवा धरला, हसत "पुरे, पुरे" म्हटलं, आणि काटा उचलला.

मुलीने स्वतःची ताटली आजीपुढे सरकवली. ज्यासाठी आले होते ते मग माझ्याने बोलवलंच नाही.