मोठ्या जहाजावरची गर्दी

बिबवेवाडीतल्या एका ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसात एक अनोळखी, वयस्कर गृहस्थ माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. माझ्या हातात दोन क्रूझची माहितीपत्रकं होती. एक जहाज लहान आणि जुनं, दुसरं प्रचंड आणि कोरं करकरीत. मी मोठ्याचे फोटो निरखतोय हे पाहून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हजारो माणसं असतात हो त्यावर. नाश्त्याला रांग, लिफ्टला रांग. समुद्र बघायलासुद्धा नंबर लावावा लागेल." मग लहान जहाजाच्या फोटोवरून त्यांनी नातवाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. "हे बुडायचं असतं तर एव्हाना बुडालं असतं. नव्याचं अजून ठरायचंय."

मला पटलं. मी तिथल्या तिथे लहान जहाजाचं बुकिंग केलं. आता ते रद्द होत नाही ना, हेही त्यांनीच माझ्या वतीने विचारून घेतलं.

इतक्यात काउंटरवरची मुलगी त्यांना म्हणाली, "काका, तुमची तिकिटं आली." तिकिटांवर मोठ्या जहाजाचा फोटो होता.

"अहो, तिथे गर्दी असते म्हणालात ना?"

"असते की," चष्मा डोळ्यांवर घेत ते म्हणाले. "तीच कमी करतोय. आज तुम्ही तिसरे."