माळ बेंबीपर्यंत आली तेव्हा

"ऑब्स्ट्रक्टिव्ह जॉन्डिस," अकोल्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं. म्हणजे पित्ताच्या नळीत खडा अडकला, पित्त रक्तात चढलं, म्हणून डोळे पिवळे. मग माझ्या गळ्यातल्या माळेकडे बघून विचारलं, "बारा दिवस इलाज काय केला?"

हाच.

आमच्या हिवरखेडकडे काविळीवर माळ देतात. एका झाडाच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले. डोक्यावर ठेवली की माळ वाढत जाते, गळ्यात उतरते, छातीवर येते. माळ उतरली की कावीळ उतरली, अशी समजूत. खरं म्हणजे काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल पडतात, दोरा लांबतो. मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आहे, भाजी पिकवणाऱ्या आमच्या घराण्यात पहिली. मला हे कोणी शिकवायची गरज नव्हती.

डॉक्टरांना म्हटलं, आईचं मन राखायला घातली. खोटं. रोज सकाळी आरशासमोर माळ कुठवर आली ते मीच बघत होते. खाजवून अंगावर रक्त निघायचं, हुडहुडी भरून ताप यायचा, आणि माळ बेंबीपर्यंत आली म्हणून मी खूश! अडाण्याला किमान न शिकल्याची सबब असते. तुम्ही शिकलेले असाल तर तीही नाही, ध्यानात ठेवा.

नळीत पू झाला होता. "रक्तात पसरला तर जिवाला धोका आहे. उद्याच ईआरसीपी करू," डॉक्टर म्हणाले. तोंडातून दुर्बीण घालून खडा काढायचा.

त्या संध्याकाळी मोठेबाबा आले, वडिलांचे थोरले भाऊ. माझ्यासाठी आणलेली केळी स्वतःच सोलत खाटेवर बसले. "तुया इस्वासच कच्चा पडला, पोरी. माळ घालून गोळ्या खाल्ल्या असतीन तुनं." तापात थरथरणाऱ्या माणसाला त्याचीच चूक सांगायला मोठी श्रद्धा लागते. अशी माणसं प्रत्येक वॉर्डात भेटतात. त्यांच्याकडे पाठ करून झोपावं.

खडा निघाला. तिसऱ्या दिवशी ताप गेला, मी पेज प्यायले. मोठेबाबा पुन्हा हजर. "पाह्य! शेवटी माळच कामी आली का नाही?"

माय खाली सतरंजीवर बसली होती. जेठासमोर तिचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"भाऊजी, पोरगी आत होती तवा म्या देवाले येकच मांगलं. मनलं, त्या डॉक्टरचा हात हालू देऊ नोको. माळ मले आठोली बी नाही."

मोठेबाबा चप्पल शोधायला लागले.

देवाचं नाव काढलं की मी नाक मुरडते, अजूनही. पण दाराबाहेर उभं राहून काय मागायचं हे तिला कळलं होतं. डॉक्टरांचे आभार मी मानले होते. मायला फक्त म्हटलं, "वर खाटेवर येऊन बस." ती आली, आणि कितीतरी वेळ माझ्या पायावर हात ठेवून बसली.