भंगार नसलेली गाडी

माझी गाडी भंगार आहे की नाही, हे आमच्या सोसायटीत हात वर करून ठरवायला घेतलं होतं. बोईसर स्टेशनच्या पूर्वेला आमच्या तीन इमारती आणि मधे एक मोकळं अंगण. अंगणातला एकच कोपरा उंच, बाकी सगळीकडे पावसाचं पाणी साचतं. त्या कोपऱ्यात पत्र्याच्या छपराखाली माझी गाडी उभी होती, आणि सगळ्यांना गणपतीचा मंडप तिथेच हवा होता. मागणी चुकीची नव्हती. आदल्या वर्षी आरतीला लोक घोट्यापर्यंत पाण्यात उभे होते, त्यात मीही होतो. माझा राग मागणीवर नव्हता, 'भंगार' या शब्दावर होता.

गाडी विलायती, दोन माणसांची, टप नसलेली. लांब नाक, बाहेर काढलेले दिवे, तारांची चाकं, आणि कोपर बाहेर ठेवता यावं म्हणून वरून खोल कापलेली दारं. डहाणूच्या बाजूला एका बागायतदाराच्या चिकूवाडीत ती गवताच्या पेंढ्यांखाली पडून होती. मी तिथे चिकूच्या पेट्या घ्यायला गेलो होतो आणि गाडी घेऊन आलो, टेम्पोवर घालून. कितीला घेतली हे लोक अजून विचारतात. मी आकड्यांचा माणूस आहे, पण हा आकडा मी कोणाला सांगत नाही. तो माझा आणि बायकोचा प्रश्न होता आणि तो आम्ही घरात भांडून मिटवला.

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासनीस होतो. म्हणजे इतरांनी बनवलेला माल मोजायचा आणि मापात नसेल तर बाजूला काढायचा. दिवसभर नापास करत बसणाऱ्या माणसाला आपल्या हातानं एखादी वस्तू पास व्हावी असं वाटलं, तर त्यात हसण्यासारखं काय आहे, हे मला कळलेलं नाही. लोक हसायचे मात्र. कामावरून येणारा एकही शेजारी त्या छपरापाशी काही न बोलता पुढे गेला नाही. "काय, निघाली का लंडनला?" हे तर इतक्यांदा ऐकलं की मी पाना खाली ठेवणंही सोडून दिलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर झालेल्या सभेत चेअरमन खुर्चीवर होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, आवाज अजून फलाटावरचा.

"एवढंच सांगा," ते म्हणाले, "ही वस्तू वाहन आहे का?"

"वाहन आहे."

"चालतं?"

"चालेल."

"कधी?"

मागून कोणीतरी म्हणालं, "ह्यांच्या नातवाच्या मुंजीत." सगळे हसले. आमची मोठी मुलगी तेव्हा शाळेत होती.

चेअरमननी हात वर करायला सांगितले. तेवढ्यात माझी बायको उभी राहिली. ती सभेत कधी बोलत नसे. ती म्हणाली, "चालू झाली तर?"

"वहिनी," चेअरमन म्हणाले, "भाग धुवायच्या त्या रॉकेलच्या वासाचा तुम्हालाच त्रास. आम्ही तुमच्यासाठीच तर करतोय."

"मला ती गाडी आवडत नाही," ती म्हणाली. "पण माझ्या दारातली वस्तू तुम्ही हात वर करून फेकणार, हे मला त्याहून आवडत नाही. मंडपाचे खांब रोवायच्या आधी ती आपणहून फाटकाबाहेर गेली आणि परत आली, तर राहील. नाही गेली, तर मी स्वतः भंगारवाल्याला हाक मारीन. हे लिहा."

तसंच लिहिलं गेलं. घरी आल्यावर मी तिला काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "अहो, माझी परात आधी मोकळी करा." तिच्या पिठाच्या परातीत कार्ब्युरेटरचे सुटे भाग होते.

दुसऱ्याच दिवशी चेअरमन छपरापाशी आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "असं करा. पालघरला माझ्या मेहुण्याच्या टॅक्सी आहेत. त्याच्याकडे एक इंजिन पडून आहे. एका रविवारात बसवून देईल. तुमची गाडी चालेल, आमचा शब्द राहील."

"नको."

"का नको? वरून कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"अहो, चालण्याशी मतलब ना?"

"तेवढाच मतलब असता तर मी टॅक्सीच घेतली असती," मी म्हणालो. ते गेले, आणि जाताना त्यांनी मंडपवाल्याला जागा दाखवून ठेवली.

आता ती गाडी कशी होती ते सांगतो, म्हणजे मी नको का म्हणालो ते कळेल. तिच्या इंजिनाच्या बोल्टाचं डोकं जुन्या विलायती इंचाच्या मापाचं आणि आटे मिलिमीटरचे. तेही आपल्या बाजारातल्या मिलिमीटरचे नाहीत. आठ मिलिमीटरच्या बोल्टाला आपल्याकडे आट्यांमधलं अंतर सव्वा मिलिमीटर, तिच्यात एक. बाजारातला बोल्ट दोन फेरे नीट जायचा आणि मग आटे खात जायचा. दुसरं, बॅटरीचं धन टोक गाडीच्या अंगाला जोडायचं, आपल्या गाड्यांच्या उलट. आणि तिसरं म्हणजे, पत्र्याच्या खाली सगळा सांगाडा लाकडाचा. चिकूवाडीत वाळवीनं तो आतून खाल्ला होता. दारावर बोट दाबलं की पत्रा टिकून होता आणि मागचं लाकूड भुश्यासारखं गळायचं.

बोल्ट मी वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतले. आमच्या कारखान्यात लेथ होती, पण कारखान्याच्या लेथवर घरचं काम मी आयुष्यात केलं नाही. लेथवाला उत्तरेकडचा. नमुना हातात फिरवून म्हणाला, "साब, ऐसी चूड़ी कौन बनाता है?"

"अब कोई नहीं बनाता."

"तो हम क्यों बना रहे हैं?"

त्यानं बोल्ट केले, मी प्रत्येक मोजला, तीन परत दिले. तो वैतागला, पण ते तीन त्यानं पुन्हा केले.

लाकडाचं काम अवघड होतं. घरांचे सुतार म्हणाले, चौकट करून देऊ, पण ह्यात एकही रेघ सरळ नाही. खरंच होतं. वाकडी लाकडं जोडणारी माणसं आमच्या भागात एकाच ठिकाणी, समुद्रावर. उन्हाळा होता. मी एक दार सुटं केलं, गोणपाटात बांधलं आणि सातपाटीच्या एसटीत चढलो.

कंडक्टर म्हणाला, "हे काय, पाळणा?"

"दार."

"घराचं?"

"मोटारीचं."

"मग मोटारीनंच जायचं ना, आमच्या गाडीत गर्दी कशाला?" असं म्हणून त्यानं दाराचंही तिकीट फाडलं.

सातपाटीला वाळत घातलेल्या बोंबलांच्या परांच्यांपलीकडे एक मिस्त्री नव्या होडीच्या पोटात बसून काम करत होते. माझ्यापेक्षा वयानं मोठे. त्यांनी दार उलटंपालटं करून पाहिलं.

"ही कुटली बोट, सायेब?"

"बोट नाही, मोटार आहे."

"आमी मोटारी नाय करत."

"पत्र्याखाली लाकूडच आहे. होडीसारखंच वाकलेलं."

त्यांनी नखानं लाकूड उकरलं. "पाण्यात जायाची नाय ना?"

"नाही."

"मंग करतो. पन पत्रा आमच्या माथी नको. तो तुमी ठोका."

दारं, चौकट आणि मागचा सांगाडा असं सगळं त्या उन्हाळ्यात सातपाटीला झालं. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचो. मिस्त्री फळी विस्तवावर शेकून, पाणी मारून वाकवायचे. दार आणि चौकट यांच्यामधली फट कमीत कमी हवी, यावर आमचं एकमत आधीपासून होतं. मी व्हर्निअर काढून म्हणालो, "फट एक मिलिमीटर. वर, खाली, सगळीकडे सारखी." ते म्हणाले, "सायेब, एक कशाला? आमी फटच ठेवत नाय. लाकूड लाकडाला चिकटला पायजे, तरच काम." मला इतका आनंद झाला की मी एकही आक्षेप घेतला नाही. कारखान्यात मी कमी फटीसाठी लोकांशी भांडत असे, आणि इथे माणूस मागितल्यापेक्षा कमी द्यायला तयार. शेवटी अर्ध्या मिलिमीटरवर ठरलं. दारं बसली तेव्हा बंद होताना पुस्तक मिटल्यासारखा आवाज यायचा. मी ती वीसएक वेळा उघडून मिटून पाहिली.

पाऊस लागला तसं मी इंजिन जोडत आणलं. मिस्त्री नारळी पौर्णिमेपर्यंत होड्यांत गुंतलेले. त्या दिवशी दर्यावर नारळ पडेपर्यंत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. माझंही त्यांच्याकडे आता काही काम नव्हतं, असं मी समजत होतो. छपरावर पाऊस, समोर अंगणात तळं, आणि वारा वसाहतीकडून आला की डोळ्यांत चुरचुर. त्या हवेत नव्या पत्र्याला वर्षभरात भोक पडतं. मी घासलेली प्रत्येक वस्तू तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवत होतो.

श्रावणात एका सकाळी दार उघडेना. डावं नाही, उजवंही नाही. मी हँडल वाकवून ओढलं, चौकटीत पातळ पट्टी सरकवून पाहिली. कागद जाईल इतकीही जागा नव्हती. लाकडानं हवेतलं पाणी पिऊन आमची अर्ध्या मिलिमीटरची फट गिळून टाकली होती.

पौर्णिमा झाल्यावर मी मिस्त्रींना बोईसरला आणलं. त्यांनी दारावर हात फिरवला आणि चेहरा खुलला. "काय बसलाय बघा, सायेब. टिपूस जायाचा नाय आत."

"पण ते उघडत नाही."

त्यांनी हँडल धरून दार एकदा ओढून पाहिलं. मग म्हणाले, "होडीला दार नसतो ना. फुगला तर आमी खूश होतो. ह्याला उघडायचा बी असतो, हा इचार आमच्या डोक्यात नाय आला."

माझ्या तरी कुठे आला होता? लाकूड हवेनं फुगतं हे शाळेत शिकलेलं होतं आणि माझ्या खिशात व्हर्निअर होतं. चूक दोघांची. रंधा मारायचा तर बसवलेला पत्रा उचकटावा लागला असता, आणि मंडपाचे बांबू अंगणात येऊन पडले होते. मिस्त्री म्हणाले, "दिवाळीनंतर सुकंल, तवा येतो." आणि चहा घेऊन गेले.

चेअरमनच्या कानावर बातमी गेलीच. जिन्यात भेटले. "ज्यात शिरता येत नाही ती गाडी चालू कशी म्हणायची? समितीला विचारावं लागेल."

"विचारा," मी म्हणालो. "रविवारी सकाळी या आणि गाडीसमोरच विचारा."

रविवारी सगळे आले. गॅलऱ्यांत बायका, खाली पुरुष, मंडपवाला बांबूंवर बसून बिडी ओढत. रिमझिम चालू होती. मी पायजमा दुमडला, दाराच्या कापलेल्या कडेवरून पाय टाकला आणि आत उतरलो. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, त्या कौतुकाच्या नव्हत्या.

चावी फिरवली. पेट्रोलचा पंप टकटक करू लागला, मग मंदावला आणि थांबला. म्हणजे कार्ब्युरेटर भरले. चोक ओढला, स्टार्टरचा दांडा ओढला. इंजिन फिरलं, शिंकलं आणि गप्प. "पालघरचं इंजिन अजून आहे," चेअरमन म्हणाले, पुरेसं मोठ्यानं. मी चोक अर्धा आत ढकलला आणि दांडा पुन्हा ओढला. ह्या वेळी ते लागलं आणि लागून राहिलं. काही क्षण खडबडत, मग सरळ. तेलाच्या दाबाचा काटा उठून चाळीसवर गेला. त्या काट्याकडे मी जितक्या लक्षानं पाहिलं तितकं माझ्या निकालाच्या दिवशी फळ्याकडेही पाहिलं नव्हतं.

गाडीचं तोंड भिंतीकडे होतं, म्हणून आधी मागे घ्यायची होती. मी गिअर टाकायला हात नेला तर बायको शेजारी उभी. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातलं स्टूल. तिनं स्टूल दाराला लावलं, साडी आवरली, वरून आत उतरली आणि स्टूल जवळच्या शेजाऱ्याला दिलं. "धरा जरा. परत उतरायला लागेल."

"अगं, तुला आवडत नाही ना ही?"

"नाहीच आवडत. चला."

गाडी मागे आली, वळली, अंगणातलं पाणी कापत फाटकाबाहेर पडली. ठरावाप्रमाणे तिथूनच परत फिरलो असतो तरी चाललं असतं. मी फिरलो नाही. वसाहतीच्या रस्त्यानं, सकाळच्या पाळीच्या बसला मागे टाकून, तारापूरच्या दिशेनं चिंचणीच्या समुद्रापर्यंत गेलो. वाऱ्यानं छत्री उलटी झाली, तेव्हा बायकोनं ती पायाशी टाकली आणि भिजत बसली. खड्ड्यांत तारांची चाकं कुरकुरत होती, गिअरच्या पेटीतून ऊब पायाला लागत होती. नव्या सांगाड्यातून मात्र एकही आवाज येत नव्हता. फुगलेल्या दारांनी सगळी गाडी आवळून धरली होती.

परत आलो तेव्हा लोक अजून होते. मी इंजिन बंद न करता चेअरमनना म्हणालो, "मंडप उंच कोपऱ्यातच घाला. गणपती असेपर्यंत गाडी रस्त्याच्या कडेला उभी करीन. विसर्जनानंतर ती आपणहून आत येईल. दर वर्षी असंच करू."

त्यांनी मंडपवाल्याकडे पाहिलं, समितीकडे पाहिलं. कोणी हात वर करायला सांगितले नाहीत. मग ते बॉनेटभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "आवाज फार करते."

"करते," मी म्हणालो, आणि बायकोला उतरायला स्टूल मागवलं.